मोबाईल काढून घेण्याआधी झोप विचारा

मागच्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीतून एक मावशी आपल्या लेकीला घेऊन माझ्याकडे आल्या. लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीने बारामतीला जाणारी. मावशी डाळिंबाच्या बागेत मजुरीला जातात. आल्या आल्याच म्हणाल्या, "ताई, पोरगी रातभर मोबाईल धरून बसतीया. जेवण न्हाई, झोप न्हाई. कालिजातनं आली की पुन्हा त्योच मोबाईल. कायतरी औशद द्या हिला."

मुलगी खाली मान घालून बसली होती. डोळ्यांखाली काळे झाले होते. मागच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.६ होते. मी लोहाच्या गोळ्यांबद्दल सांगितले, जेवणाबद्दल सांगितले, आणि शेवटी आईला म्हटले, "रात्री मोबाईल काढून घ्या. आठवडाभर रडेल, मग आपोआप सवय सुटेल."

तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. आवाज कापत होता. "ताई, पोरगी म्हणतीया, मला जगायचंच न्हाई."

मी लगेच निघाले. त्या दिवशी आईला बाहेर बसवून मुलीजवळ दोन तास बसले. पहिल्या भेटीत जे विचारायला हवे होते, ते तेव्हा विचारले : "रात्री मोबाईलवर तू नक्की काय बघतेस?"

१४ एप्रिलच्या मिरवणुकीतला तिचा निळा फेटा बांधलेला फोटो कुणीतरी उचलला होता आणि कॉलेजच्या मुलामुलींच्या एका निनावी पेजवर टाकला होता. खाली जातीवरून आणि तिच्या रंगावरून घाण घाण लिहिले होते. पेज कोण चालवते हे कुणालाच माहीत नव्हते. रोज रात्री नवीन कुणी काय लिहिले, फोटो आणखी कुठे गेला, वर्गातल्या कुणी त्यावर हसल्याचे चिन्ह टाकले, हे ती पहाटेपर्यंत बघत बसायची. ती मोबाईलवर मजा मारत नव्हती. ती राखण करत होती. आणि मी तिच्या आईला सांगून तिची ती राखणही काढून घेतली होती.

मी सोळा-सतरा वर्षे नर्सची नोकरी केली आहे. ताप दिसला की ताप कशाने आला हे आधी शोधायचे, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. मोबाईलच्या बाबतीत मी ते विसरले. वस्तीत आपण सगळेच ते विसरतो. म्हणून हा लेख.

व्यसन कशाला म्हणायचे?

"पोराला मोबाईलचे व्यसन लागले" हे वाक्य आता घराघरात ऐकू येते. पण जास्त वापर म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या विकाराची नोंद आहे. सोशल मीडियाच्या व्यसनाची तशी वेगळी नोंद त्यात नाही. म्हणजे हा त्रास खोटा आहे असे नाही. पण नुसते तास मोजून कुणावर शिक्का मारता येत नाही.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी सहा प्रश्न तयार केले आहेत. जगभरात विद्यार्थ्यांना हेच प्रश्न विचारले जातात. आपल्या भाषेत ते असे :

१. दुसरे काम करतानाही मन सारखे इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबकडेच असते का?
२. पूर्वी अर्ध्या तासात मन भरायचे, आता तीन तासांनीही भरत नाही, असे झाले आहे का?
३. घरातली किंवा मनातली अडचण विसरायला मोबाईल उघडला जातो का?
४. कमी करायचे ठरवून पुन्हा पुन्हा फसले आहे का?
५. मोबाईल मिळाला नाही की चिडचिड, बेचैनी होते का?
६. अभ्यास, कॉलेज, काम यावर परिणाम झाला आहे का?

यातल्या बऱ्याच प्रश्नांना वर्षभर "नेहमीच" असे उत्तर येत असेल, तर गाडी रुळावरून घसरते आहे असे समजा. आणि तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ थांबा. कोणती अडचण विसरायची आहे? बहुतेक वेळा खरे दुखणे तिथेच सापडते.

बोट थांबत का नाही?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि नेट स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा-कॉलेज मोबाईलवर आले. आपल्या कितीतरी घरांत पहिला चांगला मोबाईल तेव्हाच आला. कुणी बचत गटातून कर्ज काढून घेतला, कुणी कानातले गहाण ठेवून. मोबाईल घरात आला तो वही-पुस्तकाच्या जागी. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. लॉकडाऊन उठला. रील्स राहिल्या.

ही अ‍ॅप माणसाला धरून ठेवण्यासाठीच बनवलेली आहेत. मटक्याचे उदाहरण घ्या. मटका लावणाऱ्याला रोज आकडा लागला असता तर त्याला चटक लागली नसती, आणि कधीच लागला नसता तरी तो उठून गेला असता. आज लागेल की नाही हे कळत नाही, म्हणून तो रोज जातो. रीलचेही तसेच. दहा रील्स फालतू, अकरावी मस्त. आपल्या फोटोला किती लाईक येतील हे आधी कळत नाही, म्हणून हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जातो.

दुसरी गोष्ट, एसटीला शेवटचा स्टॉप असतो. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. रील्सना शेवट नाही. खाली सरकवत राहिले की आपोआप नवे येतच राहते. ही सोय २००६ मध्ये अमेरिकेतल्या एझा रस्किन या तंत्रज्ञाने तयार केली आणि पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. तेव्हा एकोणीस वर्षांच्या पोराला "तुझ्यात मनाचा जोरच नाही" असे म्हणताना आपण जरा विचार करावा.

मनावर काय होते?

फेसबुक २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सुरू झाले आणि मग एकेक करत इतर कॉलेजांत पोचले. ते जिथे आधी पोचले आणि जिथे नंतर पोचले, तिथल्या विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या नोंदी संशोधकांनी ताडून पाहिल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य खालावले. मुख्य कारण त्यांना दिसले ते तुलनेचे : सगळे मजेत आहेत, मीच मागे आहे.

ही तुलना आपल्या मुलांना आणखी जड जाते. पत्र्याच्या घरात बसून पोरगी दुसऱ्याच्या वाढदिवसाचा हॉल बघते, फिरायला गेलेल्यांचे फोटो बघते. फोटो गोरा करणारे फिल्टर लावते आणि मग आरशातला आपला चेहरा तिला नकोसा होतो. इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीला आपल्या शरीराबद्दलची नाराजी वाढल्याचे कंपनीच्याच अंतर्गत पाहणीत आढळले होते. फ्रान्सिस हॉगन या कर्मचारी बाईंनी ती कागदपत्रे बाहेर आणली, तेव्हा २०२१ मध्ये हे जगाला कळले.

चांगली बातमीही आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहाच मिनिटे वापरले. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली, आणि जे आधी जास्त उदास होते त्यांना जास्त फरक पडला. त्यांनी मोबाईल सोडला नव्हता, वापराला फक्त माप लावले होते.

पण उलट दिशाही असते. बारामतीच्या एका अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा मला भेटला. पदवी झाली, पोलीस भरतीची तयारी दोन वर्षे चालू. एकदा धावण्यात गुण गेले, एकदा लेखी परीक्षेत. घरी दर रविवारी एकच प्रश्न : "कवा लागणार?" तो रात्री एक-दीडपर्यंत पुस्तक समोर ठेवून रील्स बघायचा. मला म्हणाला, "सिस्टर, रील चालू असेपर्यंत डोक्यात काही येत नाही. बंद केली की सगळं येतं." हा मुलगा मोबाईलमुळे उदास झाला, की उदास होता म्हणून मोबाईलमध्ये शिरला? दोन्ही. उदासीमुळे रील्स, रील्समुळे जागरण, जागरणामुळे सकाळी मैदानावर पाय उचलत नाहीत, त्यामुळे पुन्हा उदासी. हे चक्र कुठून तरी तोडायचे असते. माझ्या अनुभवात सगळ्यात सोपी जागा झोपेची आहे.

झोप हे पहिले औषध

कॉलेजच्या वयात सात ते नऊ तास झोप लागते. अंधार पडला की मेंदूत झोपेचे संप्रेरक तयार होऊ लागते. डोळ्यांसमोर उजेड धरला की ते लांबते. त्यात कुणाच्या कमेंटमुळे राग आला, भीती वाटली, तर छाती धडधडते आणि झोप पार उडते. चार-पाच दिवस अपुरी झोप झाली की दिवसा वाचलेले डोक्यात राहत नाही, लहान गोष्टीवर रडू येते, भूक बिघडते. पहाटेपर्यंत जागलेल्या माणसाला सगळेच काळे दिसते, आणि मरणाचे विचारही अशा वेळी जास्त येतात.

आपल्याकडे मुलांना सांगितले जाते, "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे आणि तुम्ही मोबाईल बघता." असे म्हणताना परळच्या डबक चाळीतली ती एक खोली आठवा. तिथे दिवसा अभ्यासाला जागा नव्हती. म्हणून रामजी सुभेदार भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग त्यांना अभ्यासाला उठवत. बापाने आधी पोराच्या झोपेची सोय केली, मग अभ्यासाला बसवले. आपण आठ बाय दहाच्या खोलीत रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही चालू ठेवतो आणि पोराला मात्र टोमणे मारतो.

पंचशीलातल्या पाचव्या शीलाबद्दल बोलताना आपण दारूपाशी थांबतो. त्या शीलाचा रोख भान हरपण्यावर आहे. दारू न पिणारा बापही जेवताना एका हाताने मोबाईल सरकवत असेल, तर त्यानेही जरा स्वतःकडे बघावे.

घरात आणि वस्तीत काय करता येईल?

रात्री दहाला घरातले सगळे मोबाईल एकाच ठिकाणी चार्जिंगला लावा, उशापासून लांब. सगळे म्हणजे आई-वडिलांचेही. गजरासाठी साधे घड्याळ आणा. "गजर लावायचाय" हे निमित्त संपते.

नोटिफिकेशन बंद करा. फोन आणि कॉलेजचा ग्रुप एवढेच वाजू द्या. मोबाईलच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपला दिवसाची वेळ ठरवून देता येते. ती वेळ मुलाने स्वतः ठरवावी. तीन तासांवरून एकदम शून्यावर नको. आधी दोन तास, मग दीड, मग एक.

एसटीची वाट बघताना, जेवताना, पडल्या पडल्या, यातली एक जागा निवडा आणि तिथे मोबाईल बंद. एका वेळी एकच सवय मोडते.

मोबाईल फोडू नका, हिसकावू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, निकाल, नोकरीची जाहिरात, बाबासाहेबांचे ग्रंथ, सगळे आज त्याच मोबाईलवर आहे. आपल्या मुलांकडे दुसरा कॉम्प्युटर नसतो.

एकट्या घराला हे जड जाते, गावाने ठरवले तर सोपे होते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून त्या गावाने एक नेम केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला दुसरा भोंगा, मग सुटका. सुरुवातीला लोक हसले. तेव्हा आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरले. आपल्या वस्तीत विहार आहे, तिथे वीज आहे, बसायला जागा आहे. संध्याकाळी दीड तास तिथे अभ्यासिका चालू ठेवायला भोंगाही लागणार नाही, किल्ली घेऊन वेळेवर येणारा एक माणूस लागेल. पोराच्या हातातून रील काढायची तर त्या वेळात त्याला बसायला जागा आणि बोलायला माणसे द्यावी लागतील.

कुणी त्रास देत असेल तर

मुलाला किंवा मुलीला सोशल मीडियावर छळले जात असेल, तर पहिले वाक्य "तू कशाला फोटो टाकलास?" हे नको. पहिले वाक्य : "बरं झालं सांगितलंस." मग आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात पेजचे नाव, तारीख आणि वेळ दिसू द्या. उलट शिवीगाळ करू नका. त्यानंतर त्या अ‍ॅपवर तक्रार करून ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. जातीवरून अपमान असेल तर ॲट्रॉसिटी कायदा आहे. इंटरनेटवरचा असा अपमानही लोकांसमोर केलेला अपमान ठरतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. कॉलेजकडेही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोपर्यंत ते पेज मुलीने बघायचे नाही. तिच्या वतीने घरातल्या किंवा वस्तीतल्या विश्वासाच्या माणसाने दिवसातून एकदा बघायचे. राखण करायचीच तर ती वाटून घ्यावी.

दवाखाना कधी?

दोन आठवडे सलग उदासी, झोप उडालेली किंवा दिवसभर झोप, जेवण तुटलेले, मित्र-मैत्रिणी सोडलेल्या, कॉलेजला जाणे बंद, "माझा काही उपयोग नाही" अशी भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे. यातले काही दिसले तर मोबाईलवर भांडत बसू नका. शांतपणे, सरळ विचारा : "तुला जगू नये असं वाटतंय का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट आत दाबून ठेवलेले बाहेर येते. उत्तर "हो" आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका.

टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येते. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मानसोपचार म्हणजे वेड्यांचा दवाखाना नव्हे. साखर वाढली की आपण दवाखान्यात जातो, तसेच हे. व्यसन खोलवर गेले असेल तर पुण्यात १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण आहे, मोबाईलच्या व्यसनासाठीही तिथे मदत मिळते. बंगळुरूच्या निम्हान्स या मोठ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्येच यासाठी वेगळे क्लिनिक सुरू केले. म्हणजे हा त्रास आपल्या एकट्याच्या घरात नाही.

त्या रात्री त्या मुलीला मी एकटे सोडले नाही. १४४१६ ला फोन तिनेच लावला, मी शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवले. काही महिने गोळ्या चालल्या, समुपदेशन चालले, लोहाच्या गोळ्याही चालल्या. तक्रारीनंतर ते पेज बंद झाले. चालवणारा सापडला नाही. फोटो कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये राहिला असेल, ते आमच्या हातात नाही. तिचा एक विषय राहिला होता, तो पुढच्या परीक्षेत सुटला.

तिचा मोबाईल आता रात्री दहाला पत्र्याच्या पेटीवर चार्जिंगला असतो, शेजारी आईचा साधा फोन. परवा मावशी भेटल्या. त्या म्हणाल्या, "आता मी तिला मोबाईलचं इचारतच न्हाई ताई. सकाळी उठली की इचारते, झोप लागली का गं? मग ती सोताच सांगती सगळं."